आधी पोहे, मग ब्रेक

व्यासपीठावरच्या अध्यक्षा माननीय शोभनाताई, पुण्याला कायमचे परत निघालेले आजचे सत्कारमूर्ती जयंतभावजी, शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी चारुलतावहिनी, आणि इथे जर्मनीत, बॉबलिंगेनमध्ये राहणाऱ्या सगळ्या मराठी मंडळींना माझा नमस्कार.

शोभनाताई म्हणाल्या, "ऊर्मिला, दोनच गोड शब्द बोल, जेवण गार होतंय." मी लिहून आणलंय. शाळा माझी आठवीतच सुटली, अक्षर मलाच लागलं नाही तर थांबेन जरा. आणि गोड शब्द आधीच्या वक्त्यांनी संपवले, त्याला मी काय करू?

जयंतभावजींनी नव्या लोकांना घरं शोधून दिली, मंडळाचा गणपती सुरू केला, हे सगळं खरं आहे. आमचंही घर त्यांनीच शोधलं. उपकार आहेत, ते मी विसरलेली नाही. पण मोटरसायकलबद्दल आज कुणीच बोललं नाही. का बरं?

आमच्या ह्यांची, म्हणजे चंद्रशेखरांची, ती जुनी टूरिंग मोटरसायकल तुम्ही पाहिलीत. दोन्ही बाजूंना पेट्या, पुढे मोठी काच, म्हशीएवढं धूड. बराच वेळ चालवली की मागचा ब्रेक धरायचा. पाय काढला तरी सुटायचा नाही. चाक तापायचं, जळका वास यायचा. हे म्हणाले, वेर्कश्टाटला नेतो, एकदा दाखवून आणतो. भावजी हसले. "अरे, आपण दोघंही इंजिनिअर, त्यात माझा जन्म ब्रेकवर गेला, आणि तू गॅरेजवाल्याकडे जाणार? मंडळात तोंड दाखवशील का?"

झालं. गाडी गॅरेजला न्यायची आपल्या लोकांना लाज. माणूस एक वेळ डॉक्टरकडे नेतील.

मग शनिवार ठरला. हे मोटरसायकल फिरवून आणायचे, तेवढ्यात भावजी यायचे. हे खालूनच ओरडायचे, "जयंता, आत्ता बघ, गरम आहे तोवर चाक फिरवून बघ!" आणि भावजी जिना चढता चढता म्हणायचे, "अरे, पळून जातेय का ती? वहिनी, आधी पोहे!" पोहे झाले की चहा. चहावर अजून एक चहा, आणि पुण्यातल्या फ्लॅटच्या गप्पा. खाली उतरेपर्यंत चाक गार. भिंगरीसारखं फिरायचं. "बघ, काही नाही. तुला भास होतात शेखर." दर शनिवारी भास. माझ्या पोह्यांनी पोटं भरली आणि ब्रेक तसाच राहिला.

काहीच केलं नाही असं मी म्हणत नाही. पॅड बदलले, ब्रेक ऑइल बदललं, त्यात अडकलेली हवा काढली. राहिला ते ऑइल नेणारा एक रबरी पाइप. हे म्हणाले, "जुना आहे, तोही बदलून टाकू." भावजी म्हणाले, "बाहेरून कसा चकाचक आहे बघ. चांगल्या वस्तूला हात लावू नये."

पुढे ब्लॅक फॉरेस्टच्या उतारावर मागचं चाक जाम झालं. ते धूड ह्यांच्या पायावर आलं. पाय वाचला, गुडघा वाकत नाही. विम्याच्या तपासनीसाने तोच पाइप उभा चिरून दाखवला. बाहेरून गुळगुळीत, आतून सुजून बुजलेला. पायाच्या जोराने ऑइल पुढे जायचं, परत यायला वाट नाही. मग चाक सुटणार कसं? तो पाइप मी भावजींच्या हातात दिला. त्यांनी उलटापालटा करून बघितला, "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, असं म्हणाले आणि टेबलावर ठेवला.

मला वाटलं, कळलं माणसाला. तर गणपतीत आरती झाल्यावर ही निशिगंधा मला विचारते, "काकू, काकांनी घाबरून ब्रेकवर पाय दाबूनच धरला होता ना? जयंतकाका सांगत होते." पोरीची काय चूक? सगळ्या मंडळात तेच चाललं होतं. शेखर भित्रा, शेखरला चालवता येत नाही. मी भांडायला निघाले तर हेच म्हणाले, "सोड गं, मित्र आहे तो." मित्राला सोडलं, आणि स्वतः मंडळात यायचं बंद केलं. आज आलेत. शेवटच्या रांगेत, काठी घेऊन.

भावजी, उद्या तुमचं विमान. तुम्ही जाल, तुमचं बोलणं इथेच राहील. ते आम्ही किती वर्षं ऐकायचं?

तुम्हाला शाल-श्रीफळ द्यायचा मान शोभनाताईंनी मला दिला. मी शाल ह्यांच्या मांडीवर ठेवून आले. या व्यासपीठाला पायऱ्या आहेत, ह्यांना चढवत नाहीत. तेव्हा तुम्हाला खाली उतरावं लागेल. माइक घेऊनच उतरा, वायर तिथपर्यंत पुरते, मी आधीच बघून ठेवलीय. आणि तो पाइप आतून कसा होता, ते शेवटच्या रांगेपाशी उभं राहून सगळ्यांना सांगा.

शोभनाताईंनी बोलू दिलं, तुम्ही मंडळींनी मध्ये टाळ्या न वाजवता ऐकून घेतलंत, सगळ्यांचे आभार. माझ्या बोलण्यात काही वेडंवाकडं गेलं असेल तर पोटात घाला. आम्ही इतके दिवस घातलंच आहे.

या भावजी, उतरा. जेवण आज नंतर.