नवव्या मजल्यावरची विश्रांती

सुषमा, सिंगापूरच्या ह्या सपाट पुंगोलमध्ये राहून डोंगर चढायची सवय कशी करायची, सांग बरं? आल्प्समधल्या एका तळ्याकाठच्या गावी पायी भटकायला जायचं आमचं ठरलं. मला तळ्याकाठची सपाट वाट हवी होती, ह्यांना डोंगरावरची. मी म्हटलं, "अहो, आधी आपल्या चौदाव्या मजल्यावर एकदा तरी न थांबता चढून दाखवा, मग डोंगर!"

झालं. नवे बूट घालून हे रोज जिना चढायचे आणि रोज नवव्या मजल्यावर बसकण मारायचे. एकदा तिथे आमच्या शेजारच्या चिनी आजी भेटल्या.

"लिफ्ट स्पॉइल आह?" लिफ्ट बिघडलीय का, असं त्या विचारत होत्या.

ह्यांना खरं सांगायची लाज वाटली. म्हणाले, "येस, आंटी."

घरी आल्यावर मी म्हटलं, "अहो, त्या तक्रार करतील हं!"

"छे गं, एवढ्यासाठी कोण तक्रार करतंय?"

आजींनी केली. दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणीसाठी लिफ्ट खरोखरच बंद होती. आजी बाजारातून आल्या आणि कुठेही न थांबता जिना चढल्या. त्यांची भाजीची ट्रॉली उचलून मागोमाग हेही चौदाव्या मजल्यावर पोचले.