फळीवरून उतरताना

दुसऱ्याचं आयुष्य लिहायला बसावं एवढी माझी लायकी नाही, हे आधीच कबूल करतो. आमच्या घरात कॉलेजला जाणारा मी पहिलाच, आणि साधा अर्ज लिहितानाही अजून माझा हात अडखळतो. भानुदासकाका आमच्या गल्लीतले. ते बोलले तसं उतरवलं आहे. कुठं चुकलं असेल तर ती चूक माझी समजावी.

आमी मूळचे शिरूर कासारकडचे. बापानं ऊस तोडला, मी बी तोडला, लगीन झालं त्याच साली आमी दोघं कारखान्यावर गेलतो. आमच्यात नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हनत्यात, एकटा मानूस म्हंजे अर्धा कोयता, आन अर्ध्याला मुकादम सहसा घेत न्हाई. काय सांगू तुला बाबा, पंचवीस वर्सं मोळी डोक्यावर घिऊन फळीवरून ट्रकात चढलो, पाय हाय का न्हाई ह्याचा इचार कधी केला न्हाई.

मग उजवा खुबा गेला. डाक्टर म्हनले आतला गोळा सुकलाय, बदलावा लागंल. बदलला. सहा म्हैने काठी धरली. नंतर डाक्टर म्हनले, मामा, चाला, सायकल चालवा, पर उकिडवं बसू नका, वझं घिऊन चढू नका. मी म्हनलं सायेब, मग ऱ्हायलं काय?

गेल्या साली आमी घरीच बसलो. औंदा रखमा, माझी बायकू, म्हनली आता जायलाच पायजे, तुमी न्हाई तर पोरीला जोडीला घेते. पोरगी बारावीला हाय. भांडली असती तर बरं वाटलं असतं, ती नुसती वह्यांला कव्हर घालीत बसली. रखमानं तिच्यासाठी कोयत्याला नवी मूठ बसवून आनली.

तवापासून मी लागलो. रोज टेकडी चढायची, उतरायची, पैल्या दिशी अर्ध्यात बसलो, म्हैन्यानं वर गेलो. मग डोक्यावर कडब्याच्या पेंढ्या, दोन, चार, धा. पारावरचे म्हनायचे, भानुदास, जत्रंत कुस्ती धरतो काय बे? रखमा म्हनायची, डाक्टरनं खुबा नवा बसवला, डोकं मातर जुनंच ठिवलं. रातीला मांडी अशी ठनकायची, पर मी हूं का चूं केलं न्हाई.

मुकादम रखमाच्या माहेरचा, मला दाजी म्हनतो. त्याला बोलावलं, म्हनलं बघून जा. ट्रालीला फळी लावली, मोळीएवढा भारा बांधला, आन तीन येळा चढलो बाबा, तीन येळा. गल्लीतल्या बाया बघाय लागल्या. मुकादम भाऱ्याकडं बघतच नव्हता, माझ्या पायाकडं बघत व्हता. म्हनला, दाजी, चढला झ्याक, पर उतरताना आडवं का म्हनून उतरता? मी म्हनलं, सवय हाय. तो म्हनला, मी बी पंधरा वर्सं तोडलाय, सवय कशी असती मला म्हायती हाय. कळवतो म्हनला आन गेला.

दसरा झाला. वरच्या आळीचे ट्रॅक्टर मानसं भरून तोडीला गेले. फोन वाजला की पोरगी आधी माझ्या तोंडाकडं बघायची. टेकडी मी सोडली न्हाई, पर आता खरं सांगतो, लई थकलोय.

काल सांजच्याला त्याचा फोन आला. रखमानं घेतला. तिची रांडाव बहीन युसूफ वडगावला असती, मुकादम म्हनला तिला घिऊन ये, दोघी भैनींचा एक कोयता धरतो, पोरीला शिकू दे. पोरगी आत गेली ती लवकर भाईर आली न्हाई. मी हात जोडले, म्हनलं देव त्याचं भलं करो, त्याच्या लेकराबाळांचं भलं करो. मग हळूच इचारलं, माझं काय म्हनला?

रखमा म्हनली, तुमचं नाव निघालंच न्हाई.