हेडमास्तरांची शिंगं

मन! मंडळी, हे मन म्हणजे अथांग सागर! चंद्र तिथेच उगवतो, तिथेच बुडतो. मोठमोठ्या तपस्व्यांनी बुड्या मारल्या, पण तळ कोणाला लागला नाही! आणि आमच्या पेटीवाल्या बंडूनानांना – पट्टी लागेना. काळी दोन, नाना, काळी दोन!

हं. तर प्रश्न असा – लेकराचा गुडघा फुटला की आपण हळद घेऊन धावतो. मन खरचटलं तर काय घेऊन धावायचं? काय म्हणता काकू? 'एवढ्याशा पोराला कसलं आलंय मन?' छान! मग ऐकाच.

गोष्ट आपल्याच शाळेतली. पहिलीतली एक मुलगी. खरं नाव सांगणार नाही असं तिच्या आईला कबूल केलंय, म्हणून तिला केतकी म्हणू. हेडमास्तरांचं नाव मात्र खरं आहे – घनवट गुरुजी. समोरच बसलेत, टोपीसकट.

ही केतकी म्हणजे बडबडी पोर. एका सोमवारी शाळेत आली ती गप्प! प्रार्थनेला ओठ मिटलेले, हजेरीला नुसतं बोट वर. घरीही तेच. आईने मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. गुरुजींनी काय करावं? परिपाठाला सगळ्यांपुढे उभं केलं – "सुविचार सांग, भीड चेपेल!" पोरीचा फ्रॉक ओला झाला. शाळा हसली. तुम्ही हसू नका.

शेवटी गुरुजी तिच्या वडिलांना म्हणाले, "यंदा घरीच ठेवा. पुढच्या वर्षी बघू."

आता शाळेत दर गुरुवारी शलाकाताई येत. समुपदेशक. मुलांशी खेळायचं, मुलांचं ऐकायचं, हे त्यांचं काम. गाव म्हणे, 'वेड्यांच्या बाई'! त्या म्हणाल्या, "गुरुजी, मला एक गुरुवार द्या."

खेळाच्या खोलीत दोघी बसल्या. दुपार. कौलांतून उन्हाची तिरीप, तिच्यात धूळ अशी तरंगतेय – जणू कोणी चांदणं चाळून ठेवलंय. ताई काही विचारत नाहीत. नुसती चिंध्यांची बाहुली शिवताहेत. किती वेळ गेला कोण जाणे! मग केतकी बाहुलीच्या कानात कुजबुजली, "बोलू नको हं. भिंत ऐकते."

"ऐकून काय करते?" – ताई.

"तथास्तु म्हणते."

अहो, आपणच सांगतो ना पोरांना – वाईट बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते! हळूहळू ताईंना कळलं – त्या सोमवारच्या दोनच दिवस आधी केतकी रुसून आजोबांना म्हणाली होती, "जा, माझ्याशी बोलूच नका!" दुसऱ्या दिवशी आजोबांना अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली. पोरीला वाटलं, माझ्याच शब्दाने झालं. म्हणून शब्दच बंद! आणि आपण ओवाळतोय मोहऱ्या.

ताई 'वेडी कुठली' म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "या भिंतीची परीक्षा घेऊ या? काहीतरी वाईट बोल. पण फार नाही हं."

केतकीने खूप विचार केला. "हेडमास्तरांना शिंगं फुटू देत!"

दोघी दारातून डोकावल्या. गुरुजी व्हरांड्यात बशीतून चहा पीत होते. शिंगं नाहीत.

"टोपीखाली असतील," केतकी म्हणाली.

आली का पंचाईत! ती टोपी उतरलेली गावात कोणी पाहिलेली नाही. घरात पाहिली असेल तर वहिनींनी. ताईंनी गुरुजींच्या कानात सगळं सांगितलं. आणि मंडळी, हा माणूस उठला, पोरीसमोर गुडघ्यांवर बसला, टोपी काढली आणि मान खाली घातली! केतकीने दोन्ही हातांनी टक्कल चाचपलं. हळूहळू, झोपलेलं मांजर कुरवाळावं तसं.

"गुळगुळीत आहे," ती म्हणाली. आणि रडली – मोठ्याने, आवाजासकट!

"आजोबा आजारी पडले ते तुझ्या बोलण्यामुळे नाही," ताई म्हणाल्या. पुढचे कितीतरी गुरुवार त्या हेच सांगत राहिल्या. तिला घरी ठेवायची गोष्ट गुरुजींनी पुन्हा काढली नाही. आता ती संध्याकाळी आजोबांच्या खाटेवर चढून दिवसभराचं सगळं सांगते. आजोबा अर्ध्या ओठाने हसतात, आणि त्या आवाजावर तरंगत तरंगत झोपी जातात.

काकू, एवढ्याशा पोराला मन असतं. आजोबा मावतील एवढं असतं! उद्या तुमचं पोर गप्प झालं, शाळेच्या वेळेला पोट दुखतंय म्हणालं, तर आधी जवळ बसा. शलाकाताईंकडे न्या. आणि मान खाली घालावी लागली तर घाला. त्याने कोणी लहान होत नाही!

एवढं मोठं ज्ञान सांगून झालं. आता गुरुजी, एक विनंती – टोपी जरा काढता का? मागे पोरं उभी राहिलीत. त्यांनाही हात लावून बघायचंय.