तात्यापाऱ्याची लाईट

समता कॉलनीतल्या दवाखान्यात माझ्या बाजूच्या बाकावर दीर-भावजय बसले होते. घरचं ऑक्सिजनचं मशीन परत करायला आले होते. दीर वीज खात्यात होता. लाईट काहून गेली हे शोधायचं त्याचं काम, हे त्यांच्या बोलण्यातूनच कळलं.

“भार्गव, सापडलं का कारण?”

“हव वैनी. भनपुरीकडं एका लाईनीवर फांदी पडली. ती लाईन बंद पडली, ते बरोबरच होतं. पण लाईन आपोआप बंद करणाऱ्या यंत्राची सेटिंग चुकल्यामुळं बाजूची चांगली लाईनही बंद पडली. सारा लोड तिसरीवर आला, तीही गेली. अर्धं रायपूर अंधारात.”

“अन् तुझे दादा मशीनवर. सिलिंडर येईपर्यंत थांबले नाही ते.”

त्यानं मशीनची वायर गुंडाळून ठेवली.

“सेटिंग चुकलेली आहे, हे आधी माहीत नव्हतं?”

“मागच्या उन्हाळ्यात दुसऱ्या गावी असंच झालं होतं. तिथलं कारण मीच काढलं. मंग एकेक लाईन तपासून राहिलो होतो.”

“आमच्यापर्यंत पोचला नाही.”

“नाही पोचलो, वैनी. आता सुधरवली. या कारणानं आपल्या मोहल्ल्याची, तात्यापाऱ्याची लाईट पुन्हा नाही जाणार.”

“त्या गावी, मागच्या उन्हाळ्यात, कोणी गेलं होतं का रे?”

“विचारलंच नाही मी. आमच्या तपासात माणसं येत नाहीत. फक्त लाईनी येतात.”

“मंग तुझे दादाही येणार नाहीत.”

“नाही, वैनी.”