मधाचं बोट

नको, नको — तो फवारा पिशवीतच राहू द्या, बाहेर काढूच नका. फोनवर काय सांगितलं होतं मी? वासाचं काही चालणार नाही म्हणून. आतल्या खोलीत माझी बायको आहे, अंथरुणाला खिळलेली, तिची छाती आधीच नाजूक — खाली रस्त्यावर कुणी विडी पेटवली तरी हिला वर ठसका लागतो. दुसरं काय आहे तुमच्याकडे? ही? ही ट्यूब? एवढीशी? अहो, दात घासायला याच्यापेक्षा जास्त लागतं. बरं, असू दे, तुम्ही जाणकार. तुम्ही बघा खाली वाकून, मी आपला स्टुलावर बसतो, गुडघे गेलेत माझे — बसमध्ये कंडक्टर होतो, सगळी नोकरी उभ्यानं. तर ही बघा रांग. मोरीच्या कोपऱ्यातून निघते, ओट्याच्या कडेकडेनं जाते, दाराच्या चौकटीवर चढते आणि सरळ आतल्या खोलीत. काय शिस्त आहे बघा! मी जन्मभर ओरडलो, पुढे सरका, पुढे जागा आहे — एक माणूस हलला असेल तर शपथ. आणि या बघा. एकामागे एक, गुपचूप. बरं, सगळ्या विनातिकीट.

काय म्हणता — मारायच्या नाहीत? खायला घालायचं? म्हणजे पाहुणचार करून मारायचं, असं म्हणा की. नाही, हसत नाही, सांगा तुम्ही, मला ऐकायचंय. विष अगदी किंचित, बाकी सगळं गोडच — बरं. जास्त झालं तर इथेच मरून पडेल, मग उपयोग नाही. ती धडधाकट घरी पोचली पाहिजे. हां. आणि सगळं स्वतः नाही खात? पोटात साठवून नेते? आणि घरी जाऊन भरवते — तोंडातून तोंडात? पिल्लांना, आणि त्या राणीला, जी कधी बाहेरच पडत नाही... अस्सं. मला हे ठाऊक नव्हतं हो. मला वाटायचं मुंगी म्हणजे नुसती हावरट, दिसलं गोड की लागली. म्हणजे ही आपली घरच्यांसाठी राबतेय. बघा, आपण कुणाला काय समजतो.

लावा मग, लावा — किती वेळ लागेल? आठवडा? आणि तोवर? तोवर रांग पुसायची नाही, एकीला हात लावायचा नाही, उलट आधी जास्तच येतील? छे छे. मग नाही जमायचं. उद्या लेक येतेय माझी. तुम्हाला कळत नाहीये, ती पाहुणी म्हणून येत नाहीये, ती तपासायला येतेय. आमच्या डेपोत तपासनीस यायचे ना अधूनमधून, अचानक गाडीत चढायचे, तेव्हासुद्धा माझी अशी पाचावर धारण बसली नाही कधी. मुलगी वाईट नाही हो. सोन्यासारखी आहे. आईवर जीव आहे तिचा. पण म्हणते, बाबा, तुमचं वय झालं, तुमच्यानं होत नाही, तिच्या शहरात म्हणे एक जागा आहे, अशाच माणसांसाठी, रात्रंदिवस बाया असतात, डॉक्टर वरच्याच मजल्यावर राहतो. खाट बोलून ठेवलीय तिनं. मी म्हटलं, आणि मी? तर म्हणते, तुम्ही येत जा ना भेटायला. भेटायला! जन्मभर हिच्याबरोबर राहिलो आणि आता मी भेटायला येणारा माणूस. तर ती उद्या येणार, आईची नीट निगा आहे की नाही बघणार, आणि नसली तर घेऊन जाणार. तसं साफ सांगितलंय. आणि आल्या आल्या तिला काय दिसणार — आईच्या अंगावर मुंग्या.

हो. अंगावर. ते फोनवर नाही सांगितलं मी, लाज वाटली. घरात मुंग्या झाल्यात म्हटलं, मोघम. परवा सकाळी उठलो, तिचं तोंड पुसायला गेलो, तर ओठाच्या कडेला काळं काळं काही — मला वाटलं सुकलंय काहीतरी. आणि ते हललं. मानेवर गांधी उठल्या होत्या. डोळ्यांतून पाणी येत होतं तिच्या. रात्रभर चावत असणार त्या — काळ्या चावत नाहीत म्हणतात, या चावतात — आणि हिला हात उचलून झटकता येत नाही, ओरडता येत नाही, आणि मी तिथेच, हातभर अंतरावर, घोरत पडलेला. काय करू सांगा. रडलो मी. सांगायला लाज कसली त्यात, मोठ्यानं रडलो. अहो, ही कोण बाई, तुम्हाला माहीत नाही. या बाईनं घरात कधी मुंगीला उंबरा ओलांडू दिला नाही. साखरेचा डबा कायम पाण्याच्या ताटलीत. ओट्याभोवती खडूची रेघ. मी चहा पिऊन कप तसाच ठेवला की म्हणायची, बोलावलंत का पाहुण्यांना? शिवणकाम करायची, सुई हरवली तर एक वेळ गप्प बसेल, पण फरशीवर साखरेचा दाणा पडला तर माझी धडगत नाही.

या ना, आत या. चपला राहू द्या. ही बघा — अगं, हे मुंग्यांच्या औषधाचे आले आहेत. घाबरू नकोस, वास नाही त्याला. — कळतं हो तिला. डॉक्टर काही म्हणोत. उजवी बाजू सगळी गेली, डाव्या हाताची बोटं तेवढी हलतात, वाचा गेली, पण डोळे बघा ना, आले की नाही तुमच्याकडे? आता माझा बंदोबस्त बघा. खाटेच्या चारी पायांखाली वाट्या, त्यात पाणी. तिचीच विद्या, डब्याची. मुंगीला मुताचा पूर म्हणतात, मी तर चार तळी खणून ठेवलीत. चादर कुठे टेकत नाही, भिंतीपासून खाट लांब. तरी येतात. कुठून येतात? मला तर वाटायला लागलंय त्यांना पंख फुटले. काय? कुठे? बॅटरी मारा बघू पुन्हा.

अरे देवा.

दोरीवरून. त्या दोरीवरून येतायत. थांबा, थांबा, दोरी ओढू नका, हिच्या हाताला बांधलीय ती. मला कसं दिसणार, काळी दोरी, तिच्यावर काळ्या मुंग्या. ही बसमधली दोरी आहे, बेलची. निवृत्त झालो तेव्हा एक गाडी मोडीत निघत होती, डेपोतल्या पोरांनी दोरी आणि बेल काढून दिली आठवण म्हणून. ही आजारी पडल्यावर मी ती लावली — एक टोक हिच्या डाव्या हाताला, तिथून खिडकीच्या गजावरून, दाराच्या चौकटीवर बेल. म्हणजे मी स्वयंपाकघरात असलो तरी ऐकू येईल. तिला सांगितलं, एकदा ओढलीस की मी थांबेन, असेन तिथून येईन. दोनदा ओढलीस की सगळं ठीक, चला. बसमध्ये असतं तसंच. लेक म्हणते, बाबा, तिला ते समजत नाही, तिची बोटं आपोआप हलतात, झटके असतात ते. असतील. दोनदा कधी ओढली नाही, ते खरंय. पण दुपार कलली की एकदा ओढते. रोज. टण्ण — एकदाच. मी येतो. आता तुम्हीच सांगा, झटका काय घड्याळ बघून येतो?

कशासाठी म्हणजे — असंच. मी जवळ बसावं म्हणून. गोड? नाही हो, गोड कुठलं. तिला तोंडानं काही द्यायचंच नाही, नाकातली नळी दिसतेय ना, सगळं नळीनं, पातळ, त्यात साखरेचा कणसुद्धा नाही. नाही, सांडत नाही. मी सांगतोय ना, नाही म्हणून. अहो, मुंग्या आहेत, त्यांना काय, कशालाही लागतात. कशालाही नाही लागत? आता तुम्ही माझी उलटतपासणी घ्यायला आलात की मुंग्या मारायला? ...उशी उचलू नका. कृपा करा, उशी उचलू नका.

असू दे. दिसलीच आता बाटली. ताकाला जाऊन भांडं कुठवर लपवणार. मध आहे. साधा मध, दुकानातला. एवढंच करतो मी — हे एवढं, करंगळीच्या टोकाला, आणि तिच्या ओठाला लावतो. बस. तेवढ्यानं काय होतंय? सुरुवातीला मी नुसते ओठ ओले करायचो पाण्यानं, कोरडे पडायचे म्हणून, तर ती तोंड फिरवायची. मग एक दिवस मध लावला. आणि तिनं बोट धरलं माझं, ओठांनी. धरलं आणि चोखलं, लहान बाळ करतं तसं. आणि माझ्याकडे बघितलं. अहो, दवाखान्यातून आणल्यापासून पहिल्यांदा तिनं माझ्याकडे असं बघितलं, ओळखून. इतके दिवस मी एका भिंतीला खाऊपिऊ घालत होतो, पुसत होतो, कूस बदलत होतो, बोलत होतो — आणि त्या दिवशी भिंतीनं हाक मारली. मग कसा थांबणार मी? तुम्ही थांबला असता? साखरेचा दाणा सांडू न देणारी बाई, आणि मी तिच्या उशाशी चोरून मध ठेवतो. लेकीला माहीत नाही. डॉक्टरांनाही नाही. डॉक्टर म्हणाले होते, गिळता येत नाही तिला, जे तोंडात जाईल ते छातीत उतरेल. एक थेंबसुद्धा नको. पण डॉक्टर असं सगळ्यांनाच सांगतात. जपून राहावं माणसानं म्हणून सांगतात.

लावा तुम्ही औषध. खिडकीच्या कडेला लावताय का, चांगलं. हो, सोडा ती दोरी तिच्या हाताची, सोडा, नाहीतर पुन्हा चढतील तिच्या अंगावर. हळू. मनगट नाजूक झालंय.

काय हो — तो थेंब मधासारखाच दिसतो. मला विचारायचं होतं. ती मुंगी जी नेते हे, तिला कळतं का? म्हणजे भरवताना. तिला काय वाटत असेल, आज चांगलं मिळालं, नेऊ या घरी, आपली माणसं खूश होतील. हौसेनं भरवत असणार ती. आणि जिला भरवते तीही तोंड पुढे करत असणार, तिच्या भरवशावर. मग ती आजारी पडते, आणि ही अजून आणते? बरं वाटावं म्हणून? — आणते ना. हो. तेच म्हटलं.

खोकते ती. मधानंतर. लगेच नाही, नंतर, अंधार पडल्यावर. मी म्हणतो, हवा बदललीय. मागे ताप आला, छातीत पाणी झालं म्हणाले, दवाखान्यात ठेवायला लागली, डॉक्टरांनी विचारलं, तोंडानं काही दिलं का? मी म्हटलं, छे. आणि घरी आणली त्याच दुपारी पुन्हा — तिनं दोरी ओढली ना हो. मी काय करू?

ही बाटली घ्या. अहो घ्या, धरा. कुठेही टाका, तुमच्या मुंग्यांना घाला, पण या घरात नको. पिशवीत ठेवा, वर दिसायला नको. आणि रांग आहे तशी राहू द्या, मी नाही पुसणार. बघू दे लेकीला उद्या. विचारेल ना ती, कुठून आल्या म्हणून, मग मीच सांगेन कुठून आल्या. मग न्यायची तर नेऊ दे. तिथे निदान कुणी तिचा एवढा लाड करणार नाही.

थांबा. हलू नका जरा.

बोटं बघा तिची. डाव्या हाताची. दिसतंय? ओढतेय. अगं, दोरी नाहीये गं तिथे आता, सोडली आम्ही — तरी ओढतेय बघा. एकदाच. आणि तोंड बघा. उघडलंय तिनं. झटका म्हणे. झटक्यानं कुणी असं तोंड उघडून वाट बघतं का?

जा तुम्ही. नाही, काही नको, पाणी नको, ते दोन दिवसांनी बघायला येणंबिणं नंतर. जा. बाटली पक्की धरा, आणि दार बाहेरून ओढून घ्या. मी परत मागायच्या आत जा.