रेनातोला दिलेले पाने

आता तुम्हीच सांगा, पाने म्हटल्यावर माणूस काय देणार? पाने म्हणजे पाने. दहा-अकराचा, बारा-तेराचा, नट आवळायचे. चिपळूणला गॅरेजात वाढलो, इथे मस्कतला घुब्र्यात अकरा वर्षं गाड्यांखाली आडवा आहे, मला पाने म्हणजे दुसरं काही असतं हे कुणी कधी सांगितलं होतं का? नाही. आणि बोलणी मात्र मी खातोय!

दोन हजार चार साल. निझव्याहून मस्कतपर्यंत सायकलींची शर्यत, आणि एका इटालियन टीमचा मेकॅनिक पोट धरून हॉटेलात पडलेला. आमचा अर्बाब, म्हणजे मालक, मला म्हणतो, "धनंजय, यल्ला, चार दिवस त्यांच्याबरोबर जा." म्हटलं, अर्बाब, मी ट्रकवाला माणूस, सायकलला इंजिनच नसतं. "मग तुला काम कमी," म्हणाला, "खलास."

त्या टीमचा हुकमी एक्का रेनातो. म्हणजे एकेकाळचा. स्प्रिंटर. तुम्हाला सांगतो, स्प्रिंटर म्हणजे दीडशे किलोमीटर दुसऱ्यांच्या पाठीमागे लपून बसायचं आणि शेवटच्या दोनशे मीटरला जिवाच्या आकांतानं सुटायचं. नव्वद सालानंतर म्हणे याला कुणी मागे टाकत नव्हतं, एका मोसमात चौदा शर्यती मारल्या पठ्ठ्यानं. मग पडला, खांद्याचं हाड मोडलं... परत पडला, परत मोडलं... आणि दोन वर्षं झाली, जिंकणं बंद. वय छत्तीस. शर्यतीच्या दिवशी सकाळी टीमचा मॅनेजर त्याला सगळ्यांसमोर बोट नाचवत सुनावतोय, तेही इंग्रजीत, म्हणजे आम्हालाही कळावं, "टुडे विन, काँट्रॅक्ट. नो विन, गो होम." सतरा वर्षांची नोकरी आणि निकाल दुपारी तीनला. रेनातो नुसता सीट हलवून बघत होता. "लूज," मला म्हणाला. मी आवळली. परत लूज, परत आवळली. अहो, सीट घट्ट होती, माणूस हलला होता. मला वाईट वाटलं त्याचं, खोटं कशाला सांगू.

शर्यत सुटली. मध्ये खाण्याची पिशवी घेताना ती त्याच्या हातून निसटली, हे मला माहीतच नाही, मी टीमच्या गाडीत मागच्या सीटवर चाकं मांडीवर घेऊन बसलेला. तीस किलोमीटर राहिले आणि रेनातो मागे मागे येत आमच्या गाडीला लागला. तोंड पांढरंफटक, ओठांवर मिठाची पापडी, हात खिडकीतून आत, आणि म्हणतो, "पाने... पाने..." आता दम लागला की माणूस आईच्या भाषेत बोलतो, मान्य, पण त्याची आई वेगळी, माझी वेगळी ना? मला वाटलं, वा, गडी चार दिवसांत मराठी शिकला! सीट लूज असणार, चालत्या सायकलवर आवळणार. दिले. तीन पाने, फडक्यात गुंडाळून. न बघता पाठीवरच्या खिशात कोंबले आणि गेला.

मॅनेजर मागे वळून विचारतो, "व्हॉट ही वाँट?" म्हटलं, पाने. "यू गेव्ह?" गेव्ह. "ब्राव्हो," म्हणाला. मीही खूश.

पुढे सरळ रस्ता लागला आणि आम्हाला तो दिसला. खिशात हात घातला, फडकं सोडलं, तोंडाशी नेलं... आणि थांबला. मॅनेजर ओरडला, "व्हॉट इज दॅट? पाने इज ब्रेड!" तेव्हा मला कळलं, इटालियनमध्ये पाने म्हणजे पाव. पाव हो! खायचा! आता पाने म्हटल्यावर माणूस काय देणार?

टाकायची सोय नाही, आजूबाजूला साठ-सत्तर सायकली सुसाट, लोखंड रस्त्यावर पडलं तर मढी पडतील. त्यानं ते परत खिशात ठेवलं. रिकामं पोट, पाठीवर लोखंड, आणि पुढे ते दोनशे मीटर. मस्कतच्या मत्रहजवळ, शेवटच्या रेषेआधी, आमची गाडी बाजूला काढली, दिसेना काही, नुसता लाउडस्पीकर. रेनातो चौथा... रेनातो तिसरा... मॅनेजर डोळे मिटून बसलेला. मग गलका, आणि मग शांत. पहिला कोण ते फोटोत बघतायत म्हणाले. दहा मिनिटं, तुम्हाला सांगतो, मी मनातल्या मनात बॅग भरून चिपळूणला पोचलो होतो.

दुसरा. टायरच्या रुंदीनं दुसरा.

तो तंबूत आला, पाने टेबलावर ठेवले, खुर्चीत बसला. मी हात जोडले, सॉरी, सॉरी, माझ्या भाषेत पाने म्हणजे हेच, शपथ घेतो. मग त्याच्या त्या तुटक्या इंग्रजीत म्हणाला, "दोन वर्षं मी पोटभर खाऊन हरतोय. घरी सगळे विचारतात, का हरलास? मला सांगता येत नाही. आज पहिल्यांदा कारण मिळालं."

म्हटलं, सांग बाबा, खुशाल माझं नाव सांग.

त्यानं कागद काढला आणि स्पेलिंग विचारलं.