सुतळीची जाळी

खट्!

भर दुपार. आळी कशी निवांत — कुत्रंसुद्धा भिंतीच्या सावलीत पाय ताणून पडलेलं — आणि त्या शांततेत कडी वाजली. खट्!

मंडळी, ऐका. कडी काय, आपल्याही घरी वाजते. पण ही लागली बाहेरून. आणि आत कोण? चार वर्षांची पोर!

थांबा, थांबा! त्या आईला एवढ्यात नावं ठेवू नका. आधी माझा एक प्रश्न घ्या पदरात. घराच्या आतलं सगळं आपलं — चूल आपली, भांडण आपलं, भांडणानंतरचा अबोलासुद्धा आपलाच! मग घराचं बाहेरचं अंग कुणाचं? माझी भिंत आतून मला दिसते. बाहेरून? बाहेरून ती दिसते समोरच्या काकूंना! मग ती माझी, की काकूंची? आणि काकूंची असेल, तर काकूंनी नुसतं बघायचं — की आणखीही काही करायचं?

हसलात ना? हसून घ्या. उत्तर आख्यानात आहे... असं मला वाटतंय हं. खात्री मलाही नाही. आपण मिळून शोधू.

तर कोकणात, खाडीच्या काठी एक गाव. त्या गावात जुनी बंदरआळी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एका ओळीत कौलारू घरं, आणि प्रत्येक घराला पुढे ओटा. कमरेएवढा उंच, चिऱ्याचा, गुळगुळीत. ओट्याला ओटा लागलेला — मांजर एका टोकाला चढलं की दुसऱ्या टोकाला उतरायचं! अशी आळी दुसरीकडे राहिली नाही, म्हणून नगरपालिकेनं ठरवलं, ही जपायची. झाली समिती! वारसा समिती. नियम असा — घराच्या आत काय वाटेल ते करा. पण रस्त्यावरून जे दिसतं, त्यात खिळा जरी ठोकायचा, तरी आधी विचारायचं.

समितीचे अध्यक्ष नाना खवणेकर. शाळेत चित्रकला शिकवायचे. माणूस सरळ, पण डोळा असा — वाकडी रेघ दिसली की जेवण जायचं नाही! एकानं घराला पुढून निळ्या चकचकीत फरश्या लावल्या. नाना रस्त्यात उभे राहून म्हणाले, "अहो, न्हाणीघर उलटं करून बाहेर का काढलंत?" दुसऱ्या दिवशी फरश्या उतरल्या!

आणि आळीत मधोमध राहायची हेमांगी तारकर. नवरा बोटीवर, महिना महिना समुद्रात. ही परसात बसून काजूबिया फोडायची. तुमच्यापैकी कुणी फोडल्यात का? त्या टरफलाचा चीक हाताला लागला की कातडं जळतं. लेकराच्या गालाला लागला तर? म्हणजे पोर परसात नको. पुढे ओट्यावर ठेवली — तर एके दिवशी धप्प! खाली पडली. हनुवटीला टाके. आता मागे चीक, पुढे ओटा. उरली मधली खोली. अंधारी. म्हणून ती कडी!

पोरीचं नाव सावी. सावी आत बसून आधी गाणं म्हणायची, मग दार वाजवायची, मग गप्प व्हायची. आयांनो, तुम्हीच सांगा — लेकरू रडतंय तोवर आपण काम करतो. पण ते गप्प झालं? की हातातलं खाली पडतं! हेमांगी उठायची, राखेनं हात चोळायची, धुवायची, दाराला कान लावायची. आत श्वास ऐकू आला की पुन्हा बियांकडे. दुपारभर हेच.

शेवटी तिनं समितीकडे अर्ज टाकला. "ओट्याला खालपासून वरपर्यंत लोखंडी जाळी बसवायची आहे. मूल उजेडात खेळेल."

नानांनी वाचलं नि म्हणाले, "जाळी? हेमांगी, एका ओट्याला जाळी लागली की दहांना लागेल. मग ती आळी कसली, कोंबड्यांचं खुराडं!"

"नाना, कोंबड्यांना उजेड तरी मिळतो हो," ती म्हणाली.

बोलली ते खरं! पण नियम तो नियम. आणि समितीची एक रीत होती, ती मला फार आवडते. कुणाला बाहेरून काही करायचं असेल, तर त्यानं आधी ते बांबू नि सुतळीनं करून दाखवायचं. खिडकी वाढवायची? सुतळीची खिडकी! मजला चढवायचा? बांबूचा मजला! आठवडाभर ते उभं राहणार, सगळे येता-जाता बघणार, आणि मग अध्यक्ष येऊन निकाल देणार. किती छान नाही? मी म्हणते, लग्नाआधीसुद्धा असा सुतळीचा जावई आठवडाभर बघायला मिळाला असता तर!

तर हेमांगीनं बांबू उभे केले. सुतळीची जाळी विणली. आणि काय नवल! आळी लोटली की हो बघायला!

समोरच्या शशीकाकू आल्या, ओट्यावर टेकल्या. "काय गो, शिमग्याला देवीची पालखी कुठं टेकायची? देवीला गजाआड बसवणार?"

"काकू, पालखीला वाट सोडीन की."

"आणि पुढून कसलं गो दिसेल ते! कैदखाना!" काकू चहा पिऊन, दोन घटका बसून गेल्या. त्या गेल्या तसे शेजारचे बाबल मिस्त्री आले. ते बसले. म्हणाले, "नको ही जाळी, आळीची शोभा जाते." मग कॉलेजातल्या दोन मुली आल्या. त्या तर ओट्यावरच पुस्तकं घेऊन बसल्या — शोभा कुठून जाते, ते नीट बघायला!

नकार द्यायला म्हणून येत होते, मंडळी. पण येत होते. बसत होते. आणि सावी? सावी त्यांच्यामध्ये बागडत होती! कडेला गेली की काकूंचा हात आपसूक आडवा. "ए भवाने, पडशील!" बोलता बोलता मिस्त्रींनी तिचा फ्रॉक धरलेला. त्यांचं लक्ष सुतळीकडे, हात पोरीकडे. त्यांना तरी कुठं कळत होतं! हेमांगी परसात बिया फोडत होती, नि पुढून पोरीचं हसू ऐकू येत होतं. त्या आठवड्यात मधल्या खोलीचं दार उघडंच राहिलं.

आता सांगा, पोरीला कुणी सांभाळलं? सुतळीनं? सुतळी तर मांजरालाही अडवत नाही!

निकालाच्या दिवशी नाना जरा लवकर आले. सवयीप्रमाणे रस्त्यात उभे राहिले. एक डोळा मिटला, मान तिरकी केली, ओळ बघितली.

हेमांगी दारात आली. "नाना, तिथून काय बघता? वर येऊन बसा. चहा टाकते."

नाना चढले. बसले. मंडळी, हा माणूस उभा जन्म रस्त्यावरून ओट्यांकडे बघत आला. ओट्यावर बसून रस्त्याकडे त्यानं आज पहिल्यांदा बघितलं! काय दिसलं? एक ओटा रिकामा. दुसरा रिकामा. तिसरा धुऊन पुसून लख्ख — आणि रिकामा. दारं लावलेली, आत टीव्हीचे आवाज. नानांनी एक एक चिरा राखला होता हो!

चिरा राखिला, दार राखिले, राखिला उंबरा ।
राखणारा कुठे गेला, शोधा तो बरा ॥

नानांनी हाताला लागलेली सुतळी नुसतीच ओढून बघितली. मग विचारलं, "हेमांगी, तू लहान असताना पडली होतीस का गो कधी ओट्यावरून?"

"माझ्या माहेरी? नाही हो. पडायला जागाच कुठं होती! सगळ्या बायका तिथंच तांदूळ निवडत बसायच्या."

नाना चहा पिईपर्यंत आळी जमली. मुद्दा होता ना आळीच्या शोभेचा! सगळे पुढे उभे. नाना ओट्यावरून उठले नाहीत. तिथूनच म्हणाले, "ही जाळी नको, असं ज्यांचं म्हणणं आहे, त्यांनी हात वर करा."

हात? अहो, जंगल उगवलं हातांचं! काकूंचा वर, मिस्त्रींचा वर, मुलींचे वर.

"छान," नाना म्हणाले. "माझाही वर आहे. आता असेच राहू द्या. दुपारी दोन घटका, आळीपाळीनं, ज्यांना या ओट्यावर येऊन बसायला जमेल — त्यांनीच वर ठेवा. बाकीच्यांनी खाली घ्या."

...

मंडळी, आता का हसत नाही? मघाशी हसत होता की! बघा बरं, तुमचे हात कुठे आहेत? मांडीवर! देऊळ जपा म्हटलं, आपण हात वर करतो. झाड जपा, वर. जुनं गाव जपा, दोन्ही वर! आणि त्या गावात जे लेकरू आहे, त्याच्यापाशी जरा बसा म्हटलं, की आपल्याला दूध उतू गेल्याची आठवण होते. काकू वाईट होत्या का? मुळीच नाही. आठवडाभर त्याच तर बसल्या होत्या! नको म्हणायला वेळ होता. हो म्हणायला कुठून आणायचा? हे कोडं आहे, आणि ते मला बंदरआळीत नाही सुटलं. तुमच्या आळीत सुटतं का, घरी जाताना बघा.

तर तिथं एकेक हात खाली आला. काकूंचा सगळ्यात शेवटी आला, अर्ध्यावर थांबून आला. नानांनी डोक्यावरची टोपी सारखी केली आणि म्हणाले, "हेमांगी, लोखंड नको. मिस्त्रींकडून लाकडी कठडा करून घे. पोरीच्या डोक्याइतका उंच. शिमग्याला उचलून ठेवता येईल असा. लाव. परवानगी आहे."

मिळालं तिला! हवं होतं ते मिळालं. मधल्या खोलीचं दार आता उघडं राहणार होतं. तिनं पदरानं डोळे टिपले आणि सावीला कडेवर घेतलं. लोक पांगायला लागले.

आणि सावी आईच्या खांद्यावरून त्या जाणाऱ्या पाठींकडे बघत राहिली. मग तिनं आपला इवला हात वर केला, तो तसाच धरून ठेवला, आणि आईचा चेहरा आपल्याकडे वळवून विचारलं —

"आई, सगळ्यांनी हात खाली का गं घेतले?"